मोठीमायची केटी

कॉलेजात केटी लागली की घरी तोंड दाखवायची चोरी व्हायची. नोकरीत आलो आणि त्याच दोन अक्षरांचा अर्थ बदलला. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. प्रोजेक्ट सोडून जाणारा माणूस येणाऱ्याला सांगून जातो की बाबा रे, हा सर्व्हर दर गुरुवारी झोपतो, त्याला असा असा उठवायचा. हा क्लायंट शुक्रवारी संध्याकाळीच फोन करतो, घाबरायचं नाही. म्हणजे जे कुठल्याच डॉक्युमेंटमधे लिहिलेलं नसतं ते. केटी धड झाली नाही की पुढचा माणूस रात्री दोन वाजता रडतो. (स्वानुभव. असो.)

आज लिहायचंय ते मात्र हॉस्पिटलातल्या केटीबद्दल.

मोठीमाय म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. माहेर शिंदखेड्याकडचं, सासर पारोळ्याजवळ, आणि वडिलांच्या नोकरीमुळे उतारवयात जळगाव. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बोलणं सगळं अहिराणीत. जळगावात आल्यावर शेजारणींशी बोलण्यापुरती 'शुद्ध' मराठी शिकली. २०१९ पासून तिला स्मृतिभ्रंश आहे. २०२३ च्या मे महिन्यात ती मोरीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. जळगावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पुढचे दिवस मात्र वाईट गेले.

दुसऱ्या रात्री तिनं सलाईन उपटलं. तिसऱ्या रात्री पुन्हा. मग तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधले. ती रात्रभर एकच वाक्य म्हणत होती, "माले घर जानं शे." सिस्टर काही वाईट नव्हत्या. रात्रपाळीला एकटी मुलगी आणि अख्खा वॉर्ड, ती तरी काय करणार? पण पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना पेशंट सोपवतात ते मी स्टुलावर बसून ऐकत होतो. बेड चार, खुब्याचं फ्रॅक्चर, ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस, बीपी इतकं, लघवी इतकी, "पेशंट अनकोऑपरेटिव्ह". झाली केटी! चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस एका शब्दात पुढच्या पाळीकडे गेलं.

चौथ्या दिवशी दुपारी अमळनेरकडच्या एक आयामावशी फरशी पुसायला आल्या. त्यांनी ते वाक्य ऐकलं, फडकं बाजूला ठेवलं आणि कॉटपाशी बसून विचारलं, "कसं शे व माय तुनं घर?" मोठीमाय थांबली. मग तिनं घर सांगायला सुरुवात केली. ओटा, चूल, गोठा, बैलांची नावं. ही नावं आम्हाला कोणाला माहीत नव्हती. तेवढ्या दहा मिनिटांत मावशींनी हातावरच्या पट्ट्या सैल करून तिला पाऊण तांब्या पाणी पाजलं. जळगावचा मे महिना म्हणजे काय ते ज्यानं भोगलाय त्याला सांगायला नको. सलाईन उपटणाऱ्या म्हातारीच्या पोटात त्या दिवसांत पाणी किती गेलं होतं हे कोणी मोजलंच नव्हतं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. संध्याकाळी राउंडला एक तरुण डॉक्टर आले, त्यांना मावशी दारातूनच म्हणाल्या, "ह्या दुपारी बऱ्या राहतात, रात्री बिघडतात." आई म्हणाली, घरी त्या अशा नव्हत्या, मला ओळखत होत्या. डॉक्टरांनी लगेच रक्त पाठवलं. सोडियम बरंच खाली आलेलं. ते दुरुस्त केल्यावर दोन दिवसांत ती पुष्कळशी मूळपदावर आली. मूळपद म्हणजे २०१९ नंतरचं, पण तिचं तिचं.

तेव्हा कळलेली गोष्ट अशी की स्मृतिभ्रंश वर्षावर्षांनी येतो. तासाभरात किंवा दोन दिवसांत माणूस एकदम भलतंच बोलायला लागलं, लक्ष टिकेना, दुपारी बरं आणि रात्री वाईट असं व्हायला लागलं, तर ते वेगळं प्रकरण आहे. त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. मागे लघवीचं इन्फेक्शन असतं, अंगातलं पाणी किंवा क्षार कमी झालेले असतात, नवीन औषध असतं, तुंबलेली लघवी असते, कधी नुसती न सांगता येणारी वेदना असते. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्यांना हा धोका जास्त, आणि गोची तिथंच आहे. "त्यांना विसरायचा आजार आहेच" म्हणून सगळं त्याच खात्यावर टाकलं जातं. कारण शोधलं तर डिलिरियम बहुधा उतरतो, न शोधलं तर माणूस जाऊ शकतो. आणि फरक ओळखायचा तर पेशंट चार दिवसांपूर्वी कसा होता हे माहीत असलेला माणूस लागतो. आमच्या केसमधे ही माहिती आईकडे आणि आयामावशींकडे होती. दोघींपैकी एकीचंही नाव केसपेपरवर नव्हतं.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि मी रात्र-रात्र वाचत बसलो. ब्रिटनमधे ब्रॅडफर्डला टॉम किटवूड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९९७ साली त्यांचं 'डिमेन्शिया रिकन्सिडर्ड' हे पुस्तक आलं. सांभाळणारी माणसं पेशंटचं माणूसपण नकळत कसं काढून घेतात याच्या सतरा तऱ्हा त्यांनी नोंदवल्यात. फसवून काम करून घेणं, लहान मुलासारखं वागवणं, तो समोर असताना त्याच्याबद्दल तिसऱ्याशीच बोलणं, त्याला झेपणार नाही इतक्या घाईनं सगळं उरकणं... हे वाचताना मला वॉर्ड दिसत होता, आणि खरं सांगायचं तर भारतातलं कुठलंही सरकारी-खाजगी काउंटर दिसत होतं. किटवूड यांचं म्हणणं मला पटलं ते एका कारणासाठी. हे दुष्टपणानं होत नाही, असं ते बजावून सांगतात. कामाच्या पद्धतीतच ते मुरलेलं असतं. म्हणजे माणूस बदलून उपयोग नाही, पद्धत शिकवावी लागते.

पण शिकवायची कोणाला? स्मृतिभ्रंशाचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॉटेलातली कॉन्फरन्स आणि मेंदूच्या रंगीत स्लाइडा येतात. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला एक अभ्यास २००१ साली छापून आला. त्यातलं एक निरीक्षण मी वहीत उतरवून ठेवलंय. प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांना असे पेशंट क्वचितच दिसत, कारण घरचे हा आजारच मानत नव्हते, त्यामुळे दाखवायला नेत नव्हते. गावात फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना मात्र अशी माणसं हमखास ठाऊक होती. त्रिचूरकडे डॉ. शाजी आणि सहकाऱ्यांनी २००२ मधे याच्या पुढचं पाऊल छापलं. अंगणवाडी सेविकांना अगदी थोडं शिकवलं आणि गावातले संशयित पेशंट दाखवायला सांगितलं. त्यांनी बोट ठेवलेल्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश खरोखर स्मृतिभ्रंशाचे निघाले.

आणि मग गोव्याचाच २००८ सालचा प्रयोग. डॉ. अमित डायस आणि 'संगात' संस्थेचा. दोन तालुके, ८१ कुटुंबं, सहा महिने. स्थानिक भाषा येणारी साधी माणसं निवडली, त्यांना आठवडाभर शिकवलं, वर देखरेखीला मानसोपचारतज्ज्ञ ठेवला आणि पंधरवड्यातून निदान एकदा घरी पाठवलं. काम काय? आजार समजावून सांगायचा, आंघोळ-जेवण कसं सोपं करायचं ते दाखवायचं, सरकारी योजनांची माहिती द्यायची, गरज पडली तर डॉक्टरकडे धाडायचं. सहा महिन्यांनी फरक ठळकपणे कोणात पडला? सांभाळणाऱ्यांत! त्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, पेशंटच्या वागण्याचा त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. आजार होता तिथंच होता. मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो. आजार हटवायचा दावा नाही, पण घर उभं राहतं.

आता थोडा हिशोब (सवय जात नाही). २०२३ मधे प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांतल्या ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. जळगाव आणि धुळे मिळून २०११ च्या जनगणनेत ६२.८ लाख लोक. त्यातले दहा टक्के साठीपुढचे धरले आणि देशाची सरासरीच लावली तरी ४६ हजारांच्या घरात आकडा जातो. हा माझा पाकिटामागचा हिशोब आहे, पाहणी नव्हे. पण याच आकड्याची दुसरी बाजूही बघा. 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात, आणि शंभरातल्या ब्याण्णवांची बुद्धी नाठी होत नाही. म्हातारपणाचा हा नियम असता तर सगळ्यांना लागू झाला असता. 'म्हातारचळ' या एका शब्दानं किती जणांचं बी-१२, थायरॉइड, डोक्याला लागलेला मार आणि नैराश्य तपासायचं राहून जातं, कोण जाणे. यातल्या पुष्कळ गोष्टींवर औषध आहे.

खान्देशात आणखी एक भानगड आहे, भाषेची. निदानासाठी मोठीमायला पुण्यातल्या एका क्लिनिकमधे नेलं होतं. तिथं छापील प्रश्न विचारले. शंभरातून सात वजा करत जा. मोठीमाय आयुष्यभर इसांनी मोजत आलेली, पाच इसा म्हणजे शंभर. ती नुसतं बघत राहिली. आपला देश कोणता? ती ठामपणे म्हणाली, "खान्देश!" गुण शून्य. मला अजूनही वाटतं की अर्धा तरी द्यायला हवा होता. निरक्षर माणसांसाठी वेगळी चाचणी लागते हे नवीन नाही. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांसाठी १९९५ मधे हिंदी चाचणी बेतली गेली. तिच्यात 'डोळे मिटा' हे वाचायला न देता तपासणारा स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि तसं करायला सांगतो, वाक्य लिहायला सांगण्याऐवजी 'घराबद्दल काहीतरी सांगा' म्हणतो. (आयामावशींनी नेमकं हेच विचारलं होतं!) आयसीएमआरनं आपला चाचणी-संच आधी पाच भाषांत बनवला, हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. पहिल्या पाचांत मराठी नाही, तर अहिराणी आणि लेवा बोलीची काय कथा. आणि हा आजार अनेकदा उशिरा शिकलेली भाषा आधी नेतो. मोठीमायची जळगावात शिकलेली मराठी केव्हाच गेली, अहिराणी शाबूत आहे. त्यामुळे वॉर्डात अहिराणी बोलणारं एक माणूस असणं ही सोय नाही, ते उपचाराचं साधन आहे असं माझं मत झालंय.

माझी मामेबहीण धुळे जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. यंदा फेब्रुवारीत तिचा फोन आला. आशांसाठी आणि अंगणवाडीच्या बायांसाठी एक शनिवार काढायचाय, तू ये. मी म्हटलं पीपीटी करतो. ताई म्हणाली, "एक स्लाइड जरी आणलीस तर एस्टीत बसवून परत पाठवीन. मेंदूचे फोटो मी पुष्कळ पाहिले. माझ्या बायांना मेंदू नाही, सासू सांभाळायचीय."

तर शनिवारी उपकेंद्राच्या ओसरीत वीसेक जणी आणि एकच पुरुष, आरोग्यसेवक. चहा झाला. आशांकडे तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी भरायचा एक फॉर्म असतो. त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे, जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? ताईनं तो वाचला मात्र, मागून एक आशा म्हणाली, "मॅडम, जी विसरते तिलाच विचारायचं, तू विसरते का? तिले आठवल कसं?"

इतका स्वच्छ बग रिपोर्ट मी करिअरमधे पाहिला नाही. मग तिनंच तोडगाही सांगितला. ती सासूसमोर सुनेला विचारत नाही, कारण सून खरं सांगत नाही. ती प्यायला पाणी मागते, सुनेच्या मागोमाग चुलीपाशी जाते आणि तिथं विचारते. पुस्तकातली पद्धतही हीच आहे. दैनंदिन कामं जमतात का याची एक भारतीय प्रश्नावली याच बल्लभगढच्या कामातून निघाली, ती घरच्या माणसाला विचारायची असते. तिच्यात होळी-दिवाळी लक्षात राहते का असा प्रश्न आहे. ओसरीत तिथल्या तिथे त्याचं 'आखाजी, कानबाई' झालं. खान्देशातली बाई आखाजी विसरली तर काहीतरी बिनसलंय हे सांगायला एमडी लागत नाही.

नंतर ताईनं नाटक करायला लावलं. एक वयस्क सेविका सासू झाली. "मन्या पाटल्या कथा गयात?" एका तरुण आशानं सून होऊन उत्तर दिलं, कपाटातच आहेत, तुम्हीच ठेवल्या. सासूनं आवाज चढवला, सुनेनं चढवला, दोन मिनिटांत खरंखुरं भांडण. सगळ्या हसतायत. मग ताई दुसरीला म्हणाली, आता तू. ती नुसती उठली, सासूचा हात धरला, "चाल व माय, आपुन देखूत." दोघी मिळून कपाट, डबे, गादीखाली असं शोधायचं सोंग करायला लागल्या, आणि शोधता शोधता ती सासूला विचारते की पाटल्या केल्या कुठं होत्या, सोनार कोण होता. सासू सांगत सुटली. हसणं थांबलं. एक बाई पदरानं डोळे पुसत होती, तिला कोणी काही विचारलं नाही.

वाद झाला तो खोटं बोलण्यावरून. म्हातारी मेलेल्या नवऱ्याची वाट बघत बसली तर काय सांगायचं? 'शेतात गेलेत' सांगावं असं निम्म्या जणींचं मत. रोज नव्यानं विधवा कशाला करायची, हा त्यांचा मुद्दा, आणि तो साधा नाही. उरलेल्या म्हणत होत्या, एकदा खोटं सुरू झालं की सगळे तिच्याशी खोटंच बोलायला लागतात. ताईचं म्हणणं, दोन्ही नको, "कसे होते व ते?" असं विचार. मला हे तिसरं पटलं, पण रात्री तीन वाजता ते कितपत सुचेल याबद्दल शंका आहे. शेवटी ताईनं दोन गोष्टी घोकून घेतल्या. एकदम बिघडलं तर म्हातारपण म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेच्या किंवा 'शांत' करायच्या गोळ्या आणायच्या नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मधेच दिलाय. वॉर्डात मोठीमायला रात्री इंजेक्शन कसलं दिलं होतं ते मी त्यानंतर विचारलं. असो.

मोहन आगाशे यांचा 'अस्तु' (सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर, २०१३) पाहिलाय? सगळं विसरलेले शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताची बायको त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळते. सुंदर सिनेमा. पण तो दाखवून आपल्याकडे प्रेम आहे, प्रशिक्षण कशाला, असं कोणी म्हणालं की मला चीड येते. त्या माउलीकडे ते थोडाच वेळ होते. माझी आई सहा वर्षांहून जास्त काळ हे करतेय, आणि तिला स्वतःला शुगर आहे.

हॉस्पिटलातून आणल्यावर ताई भेटायला आली होती. मोठीमायला तपासून झालं, आणि ती आईकडे वळून म्हणाली, "आत्या, तू झोपतेस कधी?" तोपर्यंत इतके डॉक्टर झाले, आईला कोणी हे विचारलं नव्हतं. आई म्हणाली, मी बरी आहे गं. मग चहा टाकते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहा शेवटी बाबांनी केला.

त्यानंतर आम्ही मंगळवार-शुक्रवार दुपारी चार ते सहा एक मावशी लावल्या, त्या वेळात आई भजनी मंडळात जाते. मावशींसाठी मी एक पान लिहिलं. ही कल्पना माझी नाही, ब्रिटनमधल्या अल्झायमर्स सोसायटीचं 'धिस इज मी' नावाचं असं पत्रक २०१० पासून आहे. त्यात आजार नाही, माणूस लिहायचा असतो. आमच्या पानावर आहे: अहिराणीतच बोला. पाणी ग्लासात दिलं तर पीत नाही, तांब्यातून पिते. आंघोळीला 'चला' म्हणू नका, 'पानी तपनं' म्हणा. 'घर जानं शे' म्हणाली तर घर कसं होतं ते विचारा, बैलांची नावं अशी अशी. पान फ्रिजवर चिकटवलंय. पुन्हा कधी ॲडमिट करायची वेळ आली तर तेच केसपेपरला टाचायचं, असं बाबांना सांगून ठेवलंय.

मागच्या वीकेन्डला जळगावला गेलो तर पानाखाली निळ्या पेनानं, माझ्या नसलेल्या अक्षरात एक ओळ होती. 'उजवे बाजूने बोलले तर समजते. डावे कानाने ऐकू येत नाही.' मावशींनी लिहिली होती. बाबांनी दोन्ही बाजूंनी हाक मारून पाहिली, बरोबर होतं. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय.